लाल शाईतला शेरा

आमच्या हेडमास्तरांना, म्हणजे कमळाकर घरत सरांना, लाल शाईचं वेड होतं. बाकी शाळांतले हेडमास्तर रुबाब म्हणून हिरव्या शाईने सही करतात. घरत सर लालच वापरायचे, आणि तीही चुका दाखवायला नाही, कौतुक करायला. "लाल दिसलं की पोरांच्या पोटात गोळा येतो बाई, तो गोळा मला काढायचाय," असं ते मला म्हणत. मी भूगोल शिकवायचे, आणि मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. मी एकदोनदा म्हटलंही, सर, निळ्याने लिहा, पालक घाबरतात. ते नुसते हसले.

सर सानपाड्याचेच, गावठाणातले आगरी. वडील मिठागरावर कामाला होते. शाळेत 'पाणी' म्हणायच्या जागी 'पानी' म्हटलं म्हणून गुरुजींची पट्टी खाऊन हा माणूस मोठा झाला. मॅट्रिकला दोनदा आपटला, तिसऱ्यांदा पास झाला, मग बी.ए. झाला, बी.एड. झाला. गावातला पहिला पदवीधर. नवं शहर वसवायला जमिनी गेल्या तेव्हा भावांनी मोबदल्यातून आधी चाळ बांधली, मग बिल्डिंग, मग गळ्यात साखळ्या. सर मास्तरच राहिले. धाकटा भाऊ त्यांना गाडीतून शाळेपाशी सोडताना टोमणा मारायचा, "दादा, तुजी पोरां पास झाली त तुला काय मिलतं?" सर म्हणायचे, "पोरां मिलतात." भाऊ गाडी वळवून निघून जायचा.

आमची शाळा काही सरकारी नव्हती. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून काढलेली, हमालांच्या मुलांसाठी. अध्यक्ष हौसेराव. पाटणकडचे, बटाट्याचा गाळा, पांढरी टोपी, आवाज असा की ऑफिसात बोलले तर सातवीच्या वर्गात ऐकू येई. त्यांना सरळ सरळ वाईट माणूस म्हणता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पण स्वतः चौथीतून शाळा सुटलेला हा माणूस दर जूनला पंचवीस-तीस मुलांची पुस्तकं आपल्या खिशातून आणायचा, आणि त्याचा बोर्ड लावायचा नाही. शाळा मोठी व्हावी असं त्यांना मनापासून वाटे. शाळा म्हणजे काय, एवढाच घोळ होता.

आम्हाला अनुदान नव्हतं. अर्ध्या पगारावर आम्ही सगळे राबत होतो आणि अनुदान कधी मिळेल याची वाट बघत होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तपासणीला साहेब येत, चहा घेत, आणि वर्गात पाऊलही न टाकता एकच विचारत: दहावीचा निकाल किती? पंच्याण्णव साली आमचा निकाल होता अडुसष्ट टक्के. साहेबांनी तोंड वाकडं केलं. त्याच वर्षी पलीकडच्या सेक्टरमधल्या शाळेच्या दारावर भला मोठा कापडी फलक लागला: निकाल शंभर टक्के. हौसेराव रोज सकाळी मार्केटला जाताना तो फलक बघत आणि दिवसभर फणफणत.

शंभर टक्के कसे होतात हे आम्हा मास्तरांना माहीत होतं. नववीतल्या कच्च्या मुलांच्या आईबापांना बोलवायचं, शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, पोराला बाहेरून बसवा. परीक्षा तीच, पेपर तेच. पण पोरगं शाळेच्या नावावर नाही. पास झालं तर त्याचं नशीब. नापास झालं तर शाळेच्या अंगाला डाग नाही. बहुतेक पोरं बाहेरून बसतच नाहीत, नुसती बाहेर जातात.

शहाण्णवच्या मार्चमध्ये हौसेरावांनी सरांना आणि आम्हा नववीच्या शिक्षकांना बोलावलं. "अकरा पोरं हायती सर. अकराच. ती बाहेरनं बसली की पुढच्या साली आपलाबी फलक लागतोय."

"ही अकरा नापास होणार हे कुणी ठरवलं?" सरांनी विचारलं.

"तुमच्याच मार्कांनी."

"मार्क आज पोरगं कुठं उभं आहे तेवढं सांगतात. जूनमध्ये कुठं होतं ते सांगत नाहीत."

"साहेबबी जूनचं इचारत न्हाईत, सर!" हौसेराव म्हणाले, आणि आमच्यातले दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही, पण वाद घालायलाही मी उठले नाही. पगार सगळ्यांनाच हवा होता.

सरांची पद्धत अशी होती. जूनमध्ये ते प्रत्येक मुलाला एकट्याला बोलवून पुस्तकातलं एक पान वाचायला लावत. दिवाळीनंतर तेच पान. मार्चमध्ये पुन्हा तेच. मूल कुठे अडतं ते त्यांच्या बरोबर लक्षात राही. "जूनमध्ये तू या ओळीत बसकण मारली होतीस, आता उडी मारून गेलास," असं ते पोराला सांगत, आणि पोरगं असं बाहेर येई की जणू पहिला नंबर आला. नंबर मात्र त्यांनी प्रगतिपुस्तकातून काढूनच टाकले होते. त्यावरून पालक भांडत. "आमच्या पोराचा कितवा नंबर?" या प्रश्नाला उत्तर न देणारी शाळा कसली, असं त्यांचं म्हणणं. नंबराच्या जागी असायचा शेरा. एरवी वर्गशिक्षक निळ्याने एखादा शब्द लिहीत; ज्याने मोठी मजल मारली त्याला मात्र सर लिहायचे, स्वतःच्या हाताने, लाल शाईत.

त्या अकरांत गोजरा होती. आजीचं नाव ठेवलेलं, त्यामुळे वर्गात सगळे चिडवत. बाप कृष्णात मार्केटमध्ये हमाल, तुर्भ्याला एका खोलीत टोळीतल्या माणसांबरोबर राहायचा. आई गावी वारल्यावर त्याने दोन्ही मुलींना इकडे आणलं. गोजरा आठवीत आमच्याकडे आली तेव्हा तिला जोडाक्षर वाचता येत नव्हतं. 'रस्ता' आला की गप्प. 'विद्यार्थी' आला की डोळ्यांत पाणी. आठवीपर्यंत तिला कुणी ढकलत आणलं देव जाणे. नववीच्या जूनमध्येही तीच गत होती, तेव्हा सरांनी तिला हातात घेतलं. तिचं गणित काही सुधारलं नाही, इंग्रजी तर नावालाच. पण नववीच्या मार्चमध्ये तिने ते पान सबंध वाचलं, हळू, थांबत, पण एकटीने. सर ऑफिसातून उठून माझ्या वर्गापर्यंत आले आणि दारातून ओरडले, "बाई, गोजरानं पान मारलं!" शाळेत शुद्ध बोलणारा हा माणूस आनंद झाला की गावठाणात परत जाई. म्हणाला, "ही पोरगी मना दहावीला आतूनच बसवायची हाय. पास नाय झाली त माझं नाव बदला."

शेवटी कमिटीत तडजोड झाली. कुणालाही जबरदस्तीने काढायचं नाही. पण पालक स्वतः दाखला मागत असतील तर अडवायचं नाही. सरांना वाटलं, आपण जिंकलो. मी म्हटलं, सर, मग आता त्या अकरा घरी जाऊन या, बापांना समजावा. तर म्हणाले, नाही. पालकांच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे दबाव, तो हौसेरावांनी करावा, मी नाही. मी लिहून देईन. हेडमास्तरच्या हातचं लिहिलेलं असलं की माणूस विचार करतो. आणि पुढचे काही दिवस शाळा सुटल्यावर बसून त्यांनी त्या अकरांच्या प्रगतिपुस्तकांत शेरे लिहिले. गोजराचा सगळ्यांत मोठा होता, कागदाची जागा पुरली नाही तर समासात गेला.

मी तो शेरा वाचलेला आहे. "गोजराला जूनमध्ये जोडाक्षरे वाचता येत नव्हती. आज ती सबंध पान एकटी वाचते. एवढी मजल या वर्गात दुसऱ्या कोणीही मारलेली नाही. तिला दहावीला शाळेतूनच बसवावे. ती उत्तीर्ण होईल याची मला खात्री आहे."

आमच्याकडे एक मेच्या आदल्या दिवशी निकाल लागे आणि प्रगतिपुस्तक पालकाच्याच हातात द्यायचा सरांचा नियम होता. नेमक्या त्याच दिवशी सरांना ठाण्याला मुख्याध्यापकांच्या सभेला जावं लागलं. सभेचा विषय होता, निकाल कसा उंचावावा. सर नसताना ऑफिसात हौसेराव स्वतः येऊन बसले. आम्ही शिक्षक वरच्या मजल्यावर आपापल्या वर्गांचे निकाल वाटत होतो, नववीच्या त्या अकरांची पुस्तकं मात्र हौसेरावांनी खाली ऑफिसात मागवून घेतलेली. पुढचं मला जाईबाईने सांगितलं. जाईबाई आमची शिपाई, ऑफिसच्या दारात स्टूल टाकून बसणारी.

कृष्णात आला, बरोबर गोजरा. टोपी काढून उभा राहिला, कारण समोर हौसेराव, आणि मार्केटात हौसेरावांचा माल त्याच्याच पाठीवरून उतरायचा. हौसेरावांनी पुस्तक उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं. पण लाल दिसत होतं. फाटकात भेटलेल्या बाकीच्या मुलांच्या पुस्तकांत वर्गशिक्षकांचं एकेका शब्दाचं निळं, 'बरी', 'ठीक', आणि हिच्या पानावर वरपासून खालपर्यंत लाल, समासातसुद्धा.

"शेट, काय लिवलंय ह्ये?"

"शेरा हाय. हेडमास्तरचा," हौसेराव म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

आता शेरा या शब्दाचं आपण काय करून ठेवलंय बघा. कचेरीत शेरा मिळाला म्हणजे नोकरीला बट्टा. कृष्णातच्या टोळीत मुकादमाने नावापुढे शेरा मारला की त्या माणसाला दुसरी टोळी शोधावी लागे. लाल शेरा त्याने आयुष्यात एकदाच बघितला होता, पोती चोरल्याच्या आळावरून काढलेल्या माणसाच्या नावापुढे. आणि इथे त्याच्या पोरीच्या नावापुढे एवढा मोठा, स्वतः हेडमास्तरचा.

"एवढा? आनि कुनाला हाय का?"

"एवढा कुनालाच न्हाई," हौसेराव म्हणाले. हेही खरंच.

तेव्हा गोजरा म्हणाली, "आबा, मी वाचते." आणि तिने पुस्तक घेऊन वाचायला सुरुवात केली. "गोजराला जूनमध्ये... जोडाक्षरे वाचता येत नव्हती."

"बास!" कृष्णात म्हणाला. "येत नव्हती. कळलं."

"आबा, फुडं हाय. आज ती... सबंध पान... एकटी वाचते. एवढी मजल... दु... दुसऱ्या..." घाबरल्यामुळे ती जास्तच अडखळायला लागली. बापाला वाटलं, पहिलं वाक्य खरं वाचलं, ते सरळ आलं. आता मनाने रचतेय, म्हणून शोधत शोधत बोलतेय. "शाळेतूनच बसवावे," ती म्हणाली, "आबा, सर म्हनतायत मला बसवा."

"गप. लाल शाईत असलं लिवतात व्हय?" मग त्याने हौसेरावांना विचारलं, "शेट, ही वाचती त्ये खरं हाय का?"

जाईबाई सांगत होती, हौसेरावांनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं वाचता येतं. रोज मार्केटात मालाच्या हिशेबाच्या शंभर पट्ट्या वाचायचा तो. पुस्तक खाली ठेवून म्हणाला, "हेडमास्तरांचं अक्षर हाय बाबा, मला काय लागत न्हाई."

एवढंच. एक खोटं वाक्य, ते पण किती साधं. मी आजतागायत त्या माणसाला माफ केलेलं नाही.

कृष्णातने हात जोडले. "मंग दाखला द्या शेट. उगं शाळंला ओझं नको." दाखले लिहून, हेडमास्तरांकरिता म्हणून सही मारून तयारच होते. जाईबाई मला म्हणाली, "बाय, मना वाचता येत नाय, पन पोरगी खरा वाचत व्हती. खोटा बोलनारी पोरां एवढी घाबरत नायत." ती हे ऑफिसातही म्हणाली होती. हौसेरावांनी तिला चहा आणायला पाठवलं. त्या दिवशी अकरापैकी आठ दाखले गेले.

दुसऱ्या दिवशी झेंड्याला सर आले तेव्हा जाईबाईने त्यांना सगळं सांगितलं. सर झेंड्याला सलाम करून तसेच तुर्भ्याला गेले. खोलीला कुलूप. टोळीतला एक जण म्हणाला, कृष्णात पोरींना घेऊन गावाला गेला, काल संध्याकाळीच. सरांनी गावचा पत्ता मिळवला आणि सविस्तर पत्र पाठवलं, रजिस्टर्ड. हे ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. वाचता न येणाऱ्या माणसाला पत्र! त्या घरात वाचणारं माणूस एकच, आणि तिचं वाचलेलं खोटं ठरलेलं. सर, गाडी पकडा आणि गावाला जा, मी म्हटलं. ते म्हणाले, नव्या वर्षाचे प्रवेश चालू आहेत, संपले की जातो. प्रवेश संपायच्या आधीच वर्गातल्या एका मुलीने बातमी आणली की गोजराचं लग्न झालं. मुलगा कराडकडे ऊस वाहतुकीच्या ट्रकवर. तिला सोळावं लागलं असेल नसेल. सर त्या दिवशी ऑफिसचं दार लावून बसले. पुढे ते गेले नाहीत. आता सांगून काय करायचं, म्हणाले. मला ते पटलं नाही, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये आमचा निकाल लागला: शंभर टक्के. उरलेली तीन कच्ची पोरं पास झाली, काठावर, पण झाली. म्हणजे सरांचं म्हणणं खरं होतं हेही सिद्ध झालं, आणि त्याचा कुणाला पत्ताही लागला नाही. तपासणीचे साहेब खूश. फलक लागला, पलीकडच्यापेक्षा हातभर मोठा. जुलैत पटांगणात मांडव घालून सत्कार ठेवला, आणि सत्कार कुणाचा, तर मुख्याध्यापक कमळाकर घरत यांचा. मार्केटातल्या हमालांना दुपारी लवकर सोडून खुर्च्या भरल्या होत्या.

हौसेरावांनी शाल पांघरली, नारळ दिला. सर माइकवर आले. मला वाटलं आता हा माणूस सगळं ओकणार. ते म्हणाले, "या शंभर टक्क्यांत माझी आठ पोरं नाहीत." लोकांना वाटलं हा विनय. टाळ्या पडल्या. हौसेराव माइक ओढून म्हणाले, "सरांना समाधान म्हून न्हाई बघा, ह्येला म्हनत्यात मास्तर!" अजून टाळ्या. सर खाली येऊन बसले.

कार्यक्रम संपल्यावर मांडवाच्या कडेला मी आणि सर उभे असताना कृष्णात आला, वर्षभर गावी राहून नुकताच टोळीत परतलेला. सोबत धाकटी, उज्ज्वला, चौथी पास झालेली. त्याने वाकून सरांच्या पायांना हात लावला. खरंच लावला, आणि तोंडभर हसून म्हणाला, "सर, तुमचे लई उपकार. तुमी शेरा मारला म्हून मला येळंवर कळलं. न्हाईतर पोरीनं वर्सं घालवली असती. आता सुखात हाय. दिवस गेल्यात." मग धाकटीला पुढे ओढलं. "हिलाबी एकदा बघा सर. जमनार नसंल तर आत्ताच सांगा."

सरांचा चेहरा मला बघवेना. ते म्हणाले, "हिला माझ्या शाळेत घालू नकोस, कृष्णात."

त्यांना म्हणायचं होतं, ही शाळा हिच्या लायकीची नाही. पण कृष्णातने मान डोलावली, निकाल ऐकल्यासारखी. "म्हंजी हीबी न्हाई," तो म्हणाला. "बरं झालं, आधीच सांगितलंत." आणि पोरीचा हात धरून वळला. पोरीने खाली बघितलं.

तेव्हा सरांनी त्याचा दंड धरला. शाल खांद्यावरून मातीत पडली, ती कुणी उचलली नाही. सगळं सांगितलं सरांनी, लाल शाई का, शेरा म्हणजे काय लिहिलं होतं, शब्द न् शब्द. बोलता बोलता शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "तुजी पोरगी सगल्यांत पुढं गेलती रे! मी तिचं कौतुक लिवलं व्हतं!"

कृष्णातने धाकटीचा हात सोडला. मग म्हणाला, "म्हंजी गोजरा तवा खरं वाचत हुती?"

"हो. सगळं."

"मी तिला त्या दिशी मारलं, सर. नापास झाली म्हून न्हाई. खोटं वाचती म्हून."

मांडववाले खुर्च्या उचलत होते.

"लिवायचं कशाला, सर?" कृष्णात म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरोखर विचारत होता. "मी रोज शाळंच्या दारावरनं मार्केटला जात हुतो. तुमी दारात उभं असायचा. तोंडानं सांगायचं हुतं."

कृष्णात धाकटीला घेऊन फाटकातून बाहेर पडला.